शाळांसाठी तरतूद : शून्य

जून १९५९ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या प्रिन्स एडवर्ड नावाच्या कौंटीने येत्या वर्षाचा हिशेब मांडला आणि सार्वजनिक शाळांच्या नावापुढे एक डॉलरचीही तरतूद केली नाही. शाळांसाठी दरवर्षी बसायचा कर त्या वर्षी बसवलाच नाही. सप्टेंबर उजाडला तेव्हा कौंटीतल्या झाडून सगळ्या सार्वजनिक शाळांना कुलपं लागलेली होती. सार्वजनिक शाळा म्हणून त्या पाच वर्षं उघडल्या नाहीत.

अमेरिकेतल्या वर्णभेदाच्या लढ्याची जी चित्रं आपल्या डोळ्यांपुढे आहेत, त्यांत अंगावर धावून जाणारे जमाव आहेत, पोलिसी कुत्री आहेत, लिटल रॉकच्या शाळेबाहेर संगिनी रोखून उभे असलेले सैनिक आहेत. प्रिन्स एडवर्डमध्ये यातलं काहीच झालं नाही. कुणी दगड उचलला नाही. तिथले गोरे पुढारी आपल्या गावात शांतता आहे याचा अभिमान बाळगून होते, आणि तो खोटा नव्हता. जे काही झालं ते रीतसर बोलावलेल्या बैठकांत, इतिवृत्तात नोंदवून, अर्थसंकल्पाच्या भाषेत झालं. म्हणूनच मला ही हकीकत लिटल रॉकपेक्षा जास्त धडकी भरवणारी वाटते. सार्वजनिक शिक्षण मोडायला दंगल लागत नाही. ज्यांच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या आहेत आणि ज्यांच्या हाती शाळा आहेत ते दोघे वेगळे असले, आणि दोघांनाही त्या जागी बसवणारी माणसं एकाच वर्णाची असली, की तेवढं पुरतं.

प्रिन्स एडवर्ड ही व्हर्जिनियाच्या दक्षिण भागातली तंबाखू पिकवणारी ग्रामीण कौंटी. लोकसंख्या तेव्हा जेमतेम चौदा हजार. फार्मव्हिल हे तिचं मुख्य गाव, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या बऱ्यापैकी तालुक्याच्या गावाएवढं. शेजारच्याच कौंटीत, अपोमॅटॉक्सला, १८६५ च्या एप्रिलमध्ये जनरल लीने शस्त्रं खाली ठेवली आणि अमेरिकेचं यादवी युद्ध जवळपास संपलं. युद्धात हरलेल्या व्हर्जिनियाला पुन्हा संघराज्यात यायचं तर नवी राज्यघटना करावी लागली, आणि त्या घटनेतून १८७० मध्ये राज्यात प्रथमच सर्वांसाठी फुकट सार्वजनिक शाळा आल्या. त्या आल्या त्याच मुळी गोऱ्यांच्या वेगळ्या आणि काळ्यांच्या वेगळ्या अशा. १९०२ च्या घटनेने हे वेगळेपण घटनेच्या कलमातच बसवलं आणि त्याच दमात मतदानावर दीड डॉलरचा वार्षिक कर लावला. मागच्या तीन वर्षांचा कर निवडणुकीच्या सहा महिने आधी भरलेला असेल तरच मत देता येई. दुसऱ्याच्या शेतात तंबाखू खुडणाऱ्याला हे परवडणार नव्हतं, आणि परवडू नये असाच तो कर होता.

आता या कौंटीचा कारभार कसा चालायचा ते नीट पाहायला हवं, कारण पुढचं सगळं त्या रचनेवर उभं आहे. शाळा चालवायचं काम शाळा मंडळाचं. पण हे मंडळ लोक निवडून देत नसत. राज्याचं विधिमंडळ न्यायाधीश निवडी, तो न्यायाधीश तिघांची एक समिती नेमी आणि ती समिती शाळा मंडळाचे सभासद नेमी. मंडळाला कर बसवण्याचा अधिकार नव्हता. शिक्षक नेमा, बस चालवा, इमारती सांभाळा, वर्षाचा खर्च किती येईल त्याचा आकडा तयार करा आणि तो आकडा घेऊन सुपरवायझर मंडळापुढे उभे राहा. सुपरवायझर मंडळ मात्र निवडून आलेलं. कर बसवायचा ते, पैसे द्यायचे ते. आपल्याकडे ज्यांनी जुनी लोकल बोर्डं आणि जिल्हा स्कूल बोर्डं पाहिली किंवा घरात त्यांच्याविषयी ऐकलं, त्यांना ही तऱ्हा अनोळखी वाटणार नाही. शाळा एकाची, पैसा दुसऱ्याचा, आणि जाब विचारायला गेलं की तो तिसऱ्याकडे बोट दाखवणार.

या रचनेत काळ्या मुलांच्या वाट्याला काय येत होतं? १९३९ मध्ये कौंटीने फार्मव्हिलला काळ्या मुलांसाठी रॉबर्ट रूसा मोटन हायस्कूल बांधलं. त्याच भागात वाढलेल्या आणि पुढे बुकर टी. वॉशिंग्टनच्या मागे टस्कीगी संस्थेचा प्रमुख झालेल्या शिक्षणतज्ज्ञाचं नाव शाळेला दिलं. इमारत १८० मुलांपुरती. दहा-अकरा वर्षांत मुलं साडेचारशेच्या वर गेली. व्यायामशाळा नाही, खाणावळ नाही, प्रयोगशाळा म्हणावी अशी खोली नाही. नवी इमारत द्या म्हणून पालक शाळा मंडळाच्या बैठकांना खेटे घालत राहिले. मंडळाकडे पैसा नव्हता आणि सुपरवायझरांना घाई नव्हती. उपाय निघाला तो असा : शाळेच्या आवारात लाकडी चौकटी उभ्या करायच्या, त्यांवर डांबरी कागद ठोकायचा आणि त्याला वर्ग म्हणायचं. आत उबेसाठी एक लाकडाची शेगडी. शेगडीशेजारी बसलेली मुलं भाजून निघत, कडेची मुलं अंगात कोट घालून लिहीत. पाऊस आला की छप्पर गळे. रस्त्याने जाणाऱ्या परक्या माणसाला ती कोंबड्यांची खुराडी वाटत. मुलं आपल्या शाळेला काय म्हणायची ते वेगळं सांगायला नको.

२३ एप्रिल १९५१ ला या शाळेतल्या सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्सने संप घडवला. तिची तयारी एखाद्या मुरलेल्या कामगार पुढाऱ्याला शोभावी अशी होती. बस स्थानकावर आपली मुलं भानगडीत सापडली आहेत असा फोन करून मुख्याध्यापक बॉइड जोन्स यांना शाळेबाहेर काढलं. मग मुख्याध्यापकांच्या नावाच्या चिठ्ठ्या वर्गावर्गांत गेल्या : सगळ्यांनी सभागृहात यावं. मुलं जमली, पडदा सरकला, मंचावर मुख्याध्यापकांऐवजी बार्बरा. तिने शिक्षकांना बाहेर जायला सांगितलं आणि मुलांपुढे संपाचा बेत ठेवला. साडेचारशेवर मुलं शाळेबाहेर पडली. बार्बराचे काका व्हर्नन जॉन्स हे तिखट जिभेचे धर्मोपदेशक. मॉन्टगोमेरीच्या ज्या चर्चमध्ये पुढे मार्टिन ल्यूथर किंग आले, त्या चर्चचे त्यांच्या आधीचे उपदेशक. बंडखोरी घरातच होती म्हणायला हरकत नाही.

मुलांची मागणी साधी होती : नवी इमारत. रिचमंडहून आलेले वकील ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन यांनी त्यांना सांगितलं की आता वेगळ्या पण चांगल्या शाळेसाठी आम्ही भांडणार नाही; वेगळेपणच मोडायचं असेल तर खटला घेऊ. पालकांशी बैठका झाल्या, फर्स्ट बॅप्टिस्ट चर्चचे रेव्हरंड फ्रान्सिस ग्रिफिन पाठीशी उभे राहिले आणि मे महिन्यात ११७ विद्यार्थ्यांच्या वतीने दावा दाखल झाला. यादीत पहिलं नाव डोरोथी डेव्हिसचं होतं, म्हणून खटला 'डेव्हिस विरुद्ध प्रिन्स एडवर्ड कौंटी शाळा मंडळ'. खालच्या न्यायालयात तो हरला. पुढे इतर राज्यांतल्या खटल्यांबरोबर तो सर्वोच्च न्यायालयात एकत्र झाला आणि १७ मे १९५४ ला जो निकाल लागला तो जगाला 'ब्राउन विरुद्ध शिक्षण मंडळ' या नावाने माहीत आहे. त्या सगळ्या खटल्यांपैकी विद्यार्थ्यांच्या संपातून जन्मलेला हा एकटा.

शाळा मंडळाने दरम्यान काय केलं? जी इमारत वर्षानुवर्षं परवडत नव्हती ती १९५३ मध्ये परवडली. आठ लाख डॉलरहून अधिक खर्चून नवं मोटन हायस्कूल उभं राहिलं. मुख्याध्यापक जोन्स यांचा करार पुन्हा केला नाही. बार्बराला घरच्यांनी जिवाच्या भीतीने काकांकडे मॉन्टगोमेरीला पाठवून दिलं. खटला दाखल होताच पैसा कुठून आला, हा प्रश्न कुणी मंडळाला विचारला असेल तर त्याचं उत्तर उघडच होतं : पैसा होताच, निकड नव्हती.

ब्राउनच्या निकालात न्यायालयाने तत्त्व सांगितलं, मुदत सांगितली नाही. १९५५ च्या दुसऱ्या निकालात 'विचारपूर्वक वेगाने' अमलात आणा असं म्हटलं. दक्षिणेतल्या पुढाऱ्यांनी त्यातला विचार घेतला आणि वेग सोडून दिला. व्हर्जिनियाचे सिनेटर हॅरी बर्ड यांनी 'प्रचंड प्रतिकारा'ची हाक दिली, राज्याने कायदे केले, आणि १९५८ च्या सप्टेंबरमध्ये गव्हर्नर लिंडसे आमंड यांनी एकत्रीकरणाचे आदेश आलेल्या नॉरफोक, शार्लट्सव्हिल आणि वॉरन कौंटीतल्या शाळा राज्याच्या अधिकारात बंद केल्या. १९ जानेवारी १९५९ ला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने आणि केंद्रीय न्यायालयाने एकाच दिवशी हे कायदे रद्द ठरवले. गव्हर्नरांनी माघार घेतली, शाळा उघडल्या, आणि राज्याने एक शहाणपणाचा वाटावा असा मार्ग काढला : यापुढे शाळांचं काय करायचं ते ज्या त्या गावाने ठरवावं. सक्तीच्या शिक्षणाचा कायदाही त्याच वर्षी काढून टाकला.

इथे प्रिन्स एडवर्डची पाळी आली. सुपरवायझरांनी तयारी आधीपासून केली होती. ब्राउननंतर त्यांनी शाळांना वर्षाचे पैसे एकदम देणं थांबवून महिन्या महिन्याने द्यायला सुरुवात केली होती, म्हणजे वेळ आली तर नळ बंद करता यावा. १९५६ मध्ये सुमारे चार हजार गोऱ्या रहिवाशांनी सह्या करून कळवलं होतं की एकत्र शाळांपेक्षा शाळा नसलेल्या बऱ्या. मध्ये जिल्हा न्यायाधीशांनी एकत्रीकरणासाठी १९६५ पर्यंतची मुदत दिली होती. मे १९५९ मध्ये वरच्या न्यायालयाने ती रद्द करून सप्टेंबरपासूनच काळ्या मुलांना प्रवेश द्या असा हुकूम केला. हुकूम शाळा मंडळाला होता. आणि शाळा मंडळ अगदी खरं तेच सांगू शकत होतं : आमच्याकडे पैसा नाही. ज्यांच्याकडे पैसा होता त्या सुपरवायझरांना हुकूम नव्हता.

यापेक्षा साफ कायदेशीर चलाखी शोधून सापडायची नाही. कुणाचाच अपमान केला नाही, कुणालाच दारातून परत पाठवलं नाही. शाळा काळ्यांना बंद, तशा गोऱ्यांनाही बंद. आता यात भेदभाव कुठे आहे ते दाखवा!

तो कुठे होता ते तीन महिन्यांत दिसलं. गोऱ्या नागरिकांनी १९५५ मध्येच स्थापन केलेल्या प्रिन्स एडवर्ड स्कूल फाउंडेशनने सप्टेंबरमध्ये सुमारे दीड हजार गोऱ्या मुलांचे वर्ग चर्चच्या तळघरांत, सभागृहांत, मिळेल त्या जागी सुरू केले. शिक्षक बहुतेक तेच, जे कालपर्यंत सरकारी शाळेत शिकवत होते. पहिलं वर्ष देणग्यांवर निघालं. दुसऱ्या वर्षापासून राज्याने खासगी शाळेत जाणाऱ्या प्रत्येक मुलामागे १२५ ते १५० डॉलर, कौंटीने वर १०० डॉलर देऊ केले, आणि खासगी शाळेला देणगी देणाऱ्याला मालमत्ता करात सूट दिली. म्हणजे सार्वजनिक शाळेसाठी जो कर बसवता येत नव्हता, तोच पैसा मागच्या दाराने गोऱ्या शाळेकडे वळला. सुमारे सतराशे काळ्या मुलांना शाळा राहिली नाही.

इथे शाळा मंडळाविषयी एक गोष्ट नोंदवलीच पाहिजे, कारण या हकीकतीत ते सहसा कळसूत्री बाहुली म्हणून दाखवलं जातं. बंद पडलेल्या शाळांच्या इमारती फाउंडेशनला विकाव्यात असा दबाव आला तेव्हा मंडळाच्या बहुतेक सभासदांनी ते नाकारलं आणि १९६० मध्ये राजीनामे दिले. ते काही एकत्रीकरणाचे पुरस्कर्ते नव्हते. पण सार्वजनिक शाळेची इमारत ही सार्वजनिक आहे आणि ती एका समाजाच्या सोसायटीच्या घशात घालायची नाही, एवढी मर्यादा त्यांना कळत होती. त्यांचा राजीनामा थोर होता असं मला म्हणवत नाही. शाळा उघडायला त्याचा उपयोग झाला नाही. पण इमारती वाचल्या, आणि पुढे त्या लागल्या.

काळ्या मुलांचं काय झालं ते वाचताना सरासरी काढता येत नाही. हायस्कूलच्या शेवटच्या वर्षांत असलेल्या काहींना नॉर्थ कॅरोलिनाच्या किट्रेल कॉलेजने ठेवून घेतलं. क्वेकर पंथीयांच्या संस्थेने काहींना दूरच्या राज्यांत अनोळखी कुटुंबांत राहायला आणि शिकायला पाठवलं. काहींच्या आईबापांनी शेजारच्या कौंटीत पडकं घर भाड्याने घेऊन तिथला पत्ता दाखवला. रेव्हरंड ग्रिफिन यांनी चर्चच्या तळघरांत केंद्रं चालवली. ती शाळा नव्हती आणि शाळा आहे असं त्यांनी म्हटलंही नाही, कारण तसं म्हटलं तर शाळा बंद ठेवायला निमित्त मिळालं असतं. उरलेली बहुसंख्य मुलं घरी राहिली, शेतात गेली. सहा वर्षांचं मूल अकराव्या वर्षी पहिल्यांदा वर्गात बसलं, अशी उदाहरणं एक-दोन नाहीत. पंधरा-सोळा वर्षांची जी होती, त्यांतली कित्येक परतलीच नाहीत.

१९५९ च्या डिसेंबरात काही गोऱ्या पुढाऱ्यांनी काळ्या मुलांसाठीही खासगी शाळा काढून देण्याची तयारी दाखवली. त्यासाठी संस्थाही नोंदवली. अर्ज आला एक. या एका अर्जावरून त्या वेळी फार बोललं गेलं की बघा, यांना शिक्षण नको आहे, यांना फक्त खटला जिंकायचा आहे. हा आरोप सहज झटकून टाकण्यासारखा नाही. आपली मुलं पाच वर्षं घरी बसलेली पाहून लढा चालू ठेवायचा, हा निर्णय नेत्यांनी घेतला आणि त्याची किंमत सात-आठ वर्षांच्या पोरांनी मोजली. ती मुलं आज म्हातारी झाली आहेत आणि त्यांच्यात या प्रश्नावर आजही एकमत नाही. तरीही मला वाटतं पालकांनी बरोबर ओळखलं होतं. ती शाळा घेतली असती तर न्यायालयापुढचा प्रश्नच संपला असता : दोन्ही समाजांची आपापली सोय झाली, सार्वजनिक शाळेची गरज उरली नाही. ज्यांनी शाळा बंद केली त्यांच्याच हातून उपकार म्हणून शाळा घ्यायची, म्हणजे ती हक्काची होती या म्हणण्यावर पाणी सोडायचं.

त्या काळात गोऱ्या पुढाऱ्यांची, आणि फार्मव्हिलच्या स्थानिक वर्तमानपत्राची, बाजू दोन मुद्द्यांवर उभी होती. आपल्या मुलांना कोणाबरोबर शिकवायचं हे आईबापांनी ठरवावं, आणि आपल्या कराचा पैसा कशावर खर्चायचा हे त्या गावाने ठरवावं. दोन्ही मुद्दे आजही कानाला गोड लागतात. पालकांना थेट सरकारी पैसा द्या आणि शाळा त्यांना निवडू द्या, ही कल्पना मिल्टन फ्रीडमन या अर्थशास्त्रज्ञाने १९५५ मध्येच एका निबंधात मांडली होती, आणि त्याला तिथेच एक लांब तळटीप घालावी लागली, कारण दक्षिणेतली राज्यं हाच मार्ग वेगळेपण टिकवायला वापरू पाहत होती हे त्याच्या लक्षात आलं होतं. त्याने वेगळेपणाचा निषेध केला आणि सक्तीच्या एकत्रीकरणालाही विरोध केला. योजनेचा दोष योजनेत नसून ती कुणाच्या हाती पडते त्यात आहे, असं यावर म्हणता येईल. पण प्रिन्स एडवर्डमध्ये ती कुणाच्या हाती पडणार हे आधीपासून ठरलेलं होतं. जिथे मतदार यादीतूनच अर्ध्या गावाला वगळलं आहे तिथे 'गावाने ठरवावं' म्हणजे उरलेल्या अर्ध्याने ठरवावं.

स्थानिक स्वराज्य हा शब्द आपल्याकडे उच्चारताच माणसं हळवी होतात. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी खेड्यांच्या कौतुकावर जो घाव घातला आणि गाव सोडून व्यक्ती हा घटनेचा घटक मानल्याबद्दल समाधान व्यक्त केलं, त्यामागे आपल्याच भूमीतला अनुभव होता. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई कायदे मंडळाने सी. के. बोले यांचा ठराव मंजूर केला : सार्वजनिक पैशाने चाललेले पाणवठे, धर्मशाळा, दवाखाने, शाळा अस्पृश्यांना खुली. ठराव झाला वर, अंमल व्हायचा होता खाली, आणि खालच्या मंडळींनी काय केलं ते महाडच्या तळ्यावर १९२७ मध्ये दिसलंच. त्याहूनही थेट उदाहरण १८८२ च्या हंटर आयोगाच्या अहवालात आहे : गुजरातच्या खेडा जिल्ह्यात खालच्या जातींच्या मुलांच्या प्रवेशाचा प्रश्न निघाला तेव्हा काही मोठ्या शाळा कित्येक वर्षं बंद पडल्या. म्हणजे वाटून घेण्यापेक्षा बंद ठेवण्याची ही युक्ती व्हर्जिनियातल्या गोऱ्यांच्या डोक्यातून प्रथम निघालेली नाही. त्याच आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं होतं आणि त्यात त्यांचा रोख नेमक्या जागी होता : शेतसारा रयत भरते आणि शिक्षणावरचा खर्च वरच्यांकडे जातो. कर कोण देतो, खर्च कोण ठरवतो आणि लाभ कोणाला, या तीन प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी आली की समजावं, कुठेतरी शाळा बंद आहे.

न्यायालयात मात्र हा इतका सरळ मामला नव्हता. अमेरिकेच्या संघराज्याच्या घटनेत शिक्षण हा शब्दच नाही. मग शाळा चालवण्याची जबाबदारी कोणाची? व्हर्जिनियाच्या घटनेत राज्यभर कार्यक्षम सार्वजनिक शाळा ठेवण्याचं कलम होतं, पण १९६३ च्या डिसेंबरात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की एखाद्या कौंटीने पैसाच दिला नाही तर तिला सक्ती करता येत नाही. दरम्यान केंद्रीय न्यायालयांत खटला वर-खाली होत राहिला. एका न्यायाधीशाने कौंटीला खासगी शाळांना पैसे देण्यास मनाई केली, दुसरं न्यायालय म्हणालं आधी राज्याच्या न्यायालयांचं म्हणणं होऊ द्या. मुलं तेवढी मोठी होत होती.

१९६३ च्या मार्चमध्ये ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी यांनी लुईव्हिलच्या भाषणात जगातल्या ज्या मोजक्या प्रदेशांत फुकट सार्वजनिक शिक्षण नाही त्यांची यादी वाचली : कम्युनिस्ट चीन, उत्तर व्हिएतनाम, सारावाक, सिंगापूर, ब्रिटिश होंडुरास आणि प्रिन्स एडवर्ड कौंटी. त्या वर्षी सरकारच्या पुढाकाराने पण खासगी देणग्यांतून 'फ्री स्कूल असोसिएशन' उभी राहिली. माजी गव्हर्नर कोलगेट डार्डन तिचे अध्यक्ष, नील सलिव्हन तिचे शाळाप्रमुख. सप्टेंबरमध्ये पंधराशेवर काळी मुलं, आणि अगदी मोजकी गोरी मुलं, पुन्हा वर्गात बसली, त्याच सार्वजनिक इमारतींत ज्या १९६० मध्ये विकल्या गेल्या नव्हत्या. संघराज्याच्या सरकारला एका कौंटीसाठी देणग्या गोळा करवून शाळा चालवावी लागली, कारण कर बसवायला लावण्याचा मार्ग अजून मोकळा नव्हता.

तो मार्ग २५ मे १९६४ ला खुला झाला. 'ग्रिफिन विरुद्ध कौंटी शाळा मंडळ' या खटल्यात न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी लिहिलं की विचारपूर्वक वेगाचे दिवस आता संपले आहेत, आणि जरूर पडली तर जिल्हा न्यायालय सुपरवायझरांना कर बसवण्याचा अधिकार वापरायला भाग पाडू शकतं. नऊपैकी दोन न्यायमूर्तींना, क्लार्क आणि हार्लन यांना, शाळा उघडायला लावण्याचा हा अधिकार केंद्रीय न्यायालयाला आहे हे मान्य नव्हतं. यातलं बारकं सूत्र असं की शाळा बंद करणंच गैर, असं न्यायालयाने म्हटलं नाही. वर्णभेदासाठी बंद करणं, आणि वर सार्वजनिक पैशाने गोऱ्यांच्या खासगी शाळा पोसणं, हे गैर. मिसिसिपीतल्या जॅक्सन शहराने एकत्रीकरण टाळायला आपले सार्वजनिक पोहण्याचे तलाव बंद केले होते; सात वर्षांनी त्या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी ते चालेल असं ठरलं. तो निकाल लिहिणारे न्यायमूर्तीही ब्लॅकच. यावरून एक अस्वस्थ करणारा तर्क निघतो. प्रिन्स एडवर्डच्या सुपरवायझरांनी हाव धरली नसती, अनुदानं आणि करसवलती दिल्या नसत्या, गोऱ्या शाळा निव्वळ देणग्यांवर चालू दिल्या असत्या, तर काय झालं असतं हे खात्रीने सांगता येत नाही. ते हरले त्यात त्यांच्या खर्चाच्या नोंदींचा मोठा वाटा होता.

आणि हरल्यावरही त्यांनी शेवटचा डाव टाकलाच. ऑगस्ट १९६४. सार्वजनिक शाळा उघडण्याचा आदेश आलेला. अनुदानं थांबवा असा अर्ज वरच्या न्यायालयापुढे पडलेला. त्याचा निकाल लागायच्या आत सुपरवायझरांनी रात्री बैठक घेतली, अनुदानाची रक्कम वाढवली आणि त्यातला निम्मा हिस्सा आगाऊ द्यायचं ठरवलं. निरोप फिरले, गोरे पालक अपरात्री रांगेत उभे राहिले, धनादेश वाटले गेले आणि सकाळी बँका उघडताच ते वटलेही. सुमारे १,८०,००० डॉलर एका रात्रीत कौंटीच्या तिजोरीतून गेले. ज्या मंडळाला पाच वर्षं एका शाळेपुरताही पैसा सापडत नव्हता, त्याची कार्यतत्परता पाहा! १९६६ मध्ये न्यायालयाने हा अवमान ठरवला आणि पैसे परत भरण्याचं बंधन सुपरवायझरांवर घातलं.

१९६४ च्या सप्टेंबरात सार्वजनिक शाळा उघडल्या त्या जवळपास सगळ्या काळ्या मुलांच्या म्हणून. गोरी मुलं फाउंडेशनच्या खासगी शाळेत, म्हणजे अकादमीत, राहिली. तिजोरी मात्र त्याच सुपरवायझरांच्या हाती, आणि आपली मुलं ज्या शाळेत जात नाहीत तिला पैसा द्यायला ते नाखूश, म्हणून पुढची काही वर्षं शाळांना देता येईल तेवढं कमी दिलं गेलं. सत्तरच्या दशकात चांगले शाळाप्रमुख आल्यावर आणि मतपेटीत बदल झाल्यावर चित्र पालटायला लागलं, गोरी मुलंही परतू लागली. अकादमीची करमाफी १९७८ मध्ये गेली. १९८६ मध्ये तिने काळ्या मुलांना घेतलं. आता तिचं नाव फुक्वा स्कूल आहे. मोटन हायस्कूलच्या जुन्या इमारतीत संग्रहालय आहे. राज्याने २००३ मध्ये ठरावाने खेद व्यक्त केला आणि पुढच्या वर्षी, शाळा बंद असल्याने ज्यांचं शिक्षण राहिलं त्यांच्यासाठी शिष्यवृत्ती सुरू केली. साठीकडे झुकलेल्या माणसांसाठी शिष्यवृत्ती! काहींनी ती घेतली आणि पदव्याही मिळवल्या, याचं मला कौतुकच आहे. वॉशिंग्टनच्या संसदभवनात, कॅपिटलमध्ये, व्हर्जिनियाच्या वतीने उभा असलेला जनरल लीचा पुतळा २०२० च्या डिसेंबरात हलवला गेला आणि त्याच्या जागी बार्बरा जॉन्सची निवड झाली.

पुतळ्यांवर बोलायला सगळ्यांना आवडतं. मला त्यापेक्षा १९७१ मध्ये अमलात आलेली व्हर्जिनियाची नवी घटना महत्त्वाची वाटते, जिच्यावर कुणी भाषण करत नाही. तिने शाळा पुरवण्याची जबाबदारी थेट विधिमंडळावर टाकली, शिक्षणाचा किमान दर्जा राज्याने ठरवायचा असं लिहिलं, आणि त्या खर्चातला आपला वाटा प्रत्येक स्थानिक संस्थेने भरलाच पाहिजे असं बांधून टाकलं. वाटा जास्त द्यायचा का, कशावर द्यायचा, यावर गावाने हवं तेवढं भांडावं; तो शून्य करण्याची मोकळीक काढून घेतली. शाळा मंडळ मात्र आजही कर बसवू शकत नाही. ते निवडून देण्याची परवानगी व्हर्जिनियाने १९९२ मध्ये दिली, सगळ्या राज्यांच्या शेवटी, आणि तीही ज्या कौंटीत मतदारांनी सार्वमत घेऊन तसं ठरवलं तिथेच. निवडून आलेलं असो वा नेमलेलं, प्रत्येक वसंतात मंडळ खर्चाचा आकडा घेऊन सुपरवायझरांपुढे जातं आणि घासाघीस होते. फक्त त्या घासाघिशीला आता खाली एक मर्यादा आहे, आणि ती घालून द्यायला प्रिन्स एडवर्डच्या सतराशे मुलांची पाच वर्षं खर्ची पडली.